आपला टप्पा कुठवर

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला टप्पा असे. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एस.टी.त कंडक्टर होते आणि सेलू, वालूर, बोरी, जिंतूर असल्या गाड्यांवर त्यांचा अर्धा जन्म गेला. तिकीट जिथवरचं फाडलं तिथवर प्रवाशाची जिम्मेदारी आपली, टप्पा ओलांडला की तो आणि त्याचं नशीब, हा कायदा त्यांनी घरातही आणून लावला होता. ताट वाढलं की आईचा टप्पा संपला, ते उचलणं ज्याचं त्यानं. अभ्यास करणं माझा टप्पा, पास करणं मास्तरांचा. बोलता बोलता ते तिकिटाला भोक पाडायचा चिमटा हातात घेऊन हवेतच टकटक वाजवत, म्हणजे विषय संपला. त्या टकटकीपुढं आई सोडून कोणाचं काही चालत नसे, आणि आईचंही फार जपूनच चाले.

मानवतला आमचं घर गल्लीत मागच्या अंगाला होतं. समोर गयामावशीचं घर, तिचं अंगण, आणि तिच्या भिंतीला लागून जाणाऱ्या बोळानं आत आलं की आम्ही. घर बांधलं तेव्हा अण्णांनी हौसेनं संडास बांधून घेतला. गल्लीतल्या बायका तेव्हा उजाडायच्या आत टमरेल घेऊन शिवाराकडं जात. आईनं मात्र लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी का होईना ते टमरेल कायमचं पालथं घातलं, आणि त्या दिवशी म्हणे तिनं शिरा केला होता. संडासाच्या मागं जमिनीत टाकी होती, तिला सगळे 'सेफ्टी टाकी' म्हणत. घराला सेफ्टी असते म्हणून सेफ्टी, असं अण्णा पाहुण्यांना समजावून सांगत. पुढं शिकल्यावर खरा शब्द सेप्टिक आहे हे मला कळलं, पण मी ते अण्णांना कधी सांगितलं नाही. आता विचार केला तर त्यांचाच शब्द बरा वाटतो.

टाकीचं वरचं पाणी आणि न्हाणीचं सांडपाणी एकाच खापरी पाइपातून सडकेच्या नालीला जाई. बोळाचा उतार उलटा, आमच्याच दाराकडं. म्हणून तो पाइप गयामावशीच्या अंगणाखालून न्यावा लागला. तेव्हा तिचे मालक तात्या हयात होते. 'न्या की, अंगण काय पळून चाललंय,' एवढ्या बोलावर काम झालं. पण पाइप सरळ नव्हता. आमच्या भिंतीतून नीट निघायचा, अंगणाच्या मध्याला आला की उगीचच एक कोपरा काढून बाजूला सरकायचा आणि मग पुढं सडकेला लागायचा. तुंबला की त्या कोपऱ्यातच तुंबायचा. अण्णा बांबूची कामटी आत सारत आणि घर बांधणाऱ्या मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडत. "दारू पाजून बांधून घेतलं असतं तरी एवढं वाकडं झालं नसतं," असं ते दरवेळी म्हणत. मिस्त्री बिचारा माळकरी होता.

त्या वर्षी ताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली. हे आईसाठी काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आईची आई ती लहान असतानाच गेली होती. त्यामुळं आईला माहेर असं नव्हतंच. तिची बाळंतपणं सासरी झाली, आणि सहाव्या दिवशी आपण चुलीपुढं बसलो होतो हे ती कधीमधी भाकरी थापता थापता सांगे. तक्रार म्हणून नव्हे, पण सांगे. ताईचं मात्र सव्वा महिना सगळं साग्रसंगीत करायचं, हे तिनं ताई जन्मली तेव्हाच ठरवलेलं असणार. डिंक, खसखस, हाळीव, सुंठ, बाळंतशोपा असं एकेक ती महिनाभर आधीपासून डब्यांत भरत होती. मी हात घातला की चापट बसे.

दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, पण ताईला तेवढी सवडच मिळाली नाही. दुपारची जेवणं व्हायची होती, अण्णा गाडीवर, आणि गयामावशी पदर खोचून आत शिरली ती पोरीला हातात घेऊनच बाहेर आली. गल्लीतली निम्मी लेकरं तिच्याच हातची. नाळ तिनं कापली, आणि वार मडक्यात घालून, वर हळदकुंकू वाहून ती एकटीच घेऊन गेली. वार म्हणजे बाळामागून पडते ती. ती ज्या बाईनं पुरायची तिनं एकटीनं पुरायची आणि जागा कोणाला सांगायची नाही, लेकराच्या आईलाही नाही, अशी आमच्याकडची रीत. कोणी त्यावर करणी करू नये म्हणून. आईनं विचारलं नाही, मावशीनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घराचा वासच बदलला. सकाळी शेगडीवर ओवा आणि बाळंतशोपा पडल्या की धूर माजघरातून माझ्या दप्तरापर्यंत पोचे. बाजरीची भाकरी, तिच्यावर तुपाची धार, शेपूची भाजी. ताईला शेपू जन्मात आवडला नव्हता, आणि आता आई तिच्यापुढं बसून तो संपवून घेई. मग गयामावशी येई. न्हाणीत पाय लांब करून पाटावर बसे, नडग्यांवर पोरीला पालथी घाली, तेल जिरवी, हरभऱ्याच्या पिठानं चोळी, आणि ऊन ऊन पाणी ओतताना एक हात तिच्या कपाळाला आडवा लावी. पोरगी सुरुवातीला आभाळ डोक्यावर घेई आणि शेवटी तिथंच डुलकी काढी. मग ताईची पाळी. तेल, पीठ, हळद, कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी हंड्यानं. आई दारात उभी राहून नुसती बघत असे. तिला तेव्हा हाक मारली तरी ऐकू येत नसे.

आणि एका सकाळी ताईची आंघोळ चालू असताना मोरीत गुडगुड असा आवाज झाला आणि गेलेलं पाणी परत वर आलं. न्हाणीचंच नव्हे, टाकीचंही. ताईच्या पायाशी काळं पाणी चढायला लागलं. मावशीनं तिला तशीच लुगड्यात गुंडाळून बाहेर काढलं. आईनं राखेचं घमेलं ओतलं, फिनेल ओतलं, पण वास माजघरातून हलेना. ओली बाळंतीण आणि घरात ते पाणी, यापेक्षा वाईट काय असायचं? संडास बंद, न्हाणी बंद. ताई रडायला लागली तसं आईनं तिला दटावलं आणि मग स्वतः स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

अण्णांनी कामटी सारली, ती कोपऱ्यात अडकली. नगरपालिकेचा माणूस बोलावला. त्यानं सडकेची नाली बघितली, वाहती होती. "सडकेची नाली आमची. ती चालू हाय. तुमच्या पाइपाचं तुमी बगा," असं म्हणून त्यानं चहा घेतला आणि तो गेला. ते काही खोटं नव्हतं. पण अण्णांच्या कायद्यात हा टप्पा बसेना. आपला उंबरा आपला, सडक सरकारची, मग मधलं कोणाचं? त्यांनी खूप विचार केला आणि चिमटा खिशात घालून गयामावशीच्या ओट्यावर गेले. मी मागोमाग.

"मावशी, पाइप तुमच्या अंगणात तुंबलाय. म्हणजे टप्पा तुमचा हाय."

मावशी जोंधळे निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "आवं कंडक्टर, घाण तुमची. ती माज्या अंगणातून जायलीय म्हणून माजी झाली का?"

"जागा तुमची ना?"

"तुमच्या गाडीत कोणी ओकलं तर ज्या गावातून गाडी चाललीय त्या गावाचं म्हणता का तुमी?"

मग अण्णांनी आवाज उतरवला. खर्च आपला, मजुरी आपली, फक्त अंगण खोदू द्या, त्या मिस्त्रीनं घातलेला कोपरा काढून पाइप सरळ टाकतो, म्हणजे जन्माची कटकट जाईल. मावशीचा हात थांबला.

"सरळ न्हाई टाकायचा."

"कामून?"

"न्हाई म्हणलं ना. अंगण न्हाई खोदायचं. तुमी काय बी करा."

आणि सूप घेऊन ती आत गेली. अण्णा संतापले. तात्या असते तर असं झालं नसतं, बाई एकटी राहून विक्षिप्त झाली, असं काय काय बोलले. तीन घरांपलीकडच्यांनाही ऐकू गेलं असेल. पण गंमत अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची वाटी घेऊन मावशी हजर. अण्णांकडं बघितलं नाही, बोलली नाही, त्यांच्या अंगावरून माजघरात गेली. पोरीला घमेल्यात धरून न्हाऊ घातलं आणि ते पाणी मी सडकेवर नेऊन टाकलं. ताईला मात्र घमेल्यात कसं बसवणार? तिचं अंग नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं. शेजाऱ्यांत भांडण आणि शेजारधर्म दोन वेगवेगळ्या वाटांनी चालत, हे मी तिथंच शिकले. हल्ली कोणी रागावलं की फोनवरून नावच उडवतं. तेव्हा तेलाची वाटी थांबवायची सोय नव्हती.

संध्याकाळी अण्णांनी आईला सांगितलं, ताईला वालूरला तुझ्या चुलत बहिणीकडं पोचवू. तिथं न्हाणी आहे, मोकळं परस आहे. माझी गाडी तिकडंच जाते. आई भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग अगदी हळू म्हणाली, "माजी लेक माज्या घरातून ओली बाळंतीण दुसरीकडं जाणार असंल, तर मला बी तिच्यासंगं पोचवा. अन् परतीचं तिकीट काढू नका." अण्णांनी चिमटा वाजवला नाही. बारशाला ताईच्या सासरचे येणार होते, आणि तोवर हे निस्तरलं नाही तर तेच ताईला उचलून नेणार, हे दोघांनाही दिसत होतं.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी अण्णा टिकाव घेऊन अंगणात गेले. चोरून नव्हे, सांगून. "मावशी, मी खोदायलोय. तुमी पोलिसात जा न्हाईतर कुठं बी जा. माज्या घरात बाळंतीण हाय." आई बोळाच्या तोंडाशी पोरीला घेऊन उभी. मी तिच्या पदराला धरून. मावशी घरातून बाहेर आली. तिच्या हातात पाट होता. कोपरा जिथं आडवा सरकतो तिथं, अण्णांच्या टिकावाच्या बरोबर पुढं तिनं तो पाट ठेवला, त्यावर बसली आणि पाय लांब केले.

"आण गं लेकराला," ती आईला म्हणाली. "आज हितंच न्हाऊ घालते."

आई गोंधळली, पण गेली. मी पळत जाऊन तेल आणि पीठ आणलं, आईनं तांब्याकळशी आणली. उन्हं कोवळी होती. अण्णा टिकाव धरून तसेच उभे, आणि मावशी त्यांच्या पुढ्यात पोरीला नडग्यांवर घेऊन सावकाश तेल जिरवू लागली. पाठ झाली, खांदे झाले, आणि मान वर न करता ती बोलायला लागली.

"माजा बाबू ठाऊक हाय का तुमाला, कंडक्टर? तुमी यायच्या आदीचा. गोवरात गेला. दुडूदुडू चालायला लागला होता बगा. त्याचं आंगडं ठेवलं न्हाई, टोपडं ठेवलं न्हाई, सासूनं सगळं देऊन टाकलं. त्याची वार तेवढी हितं हाय. तुमचा पाइप जाऊ लागला तवा मी यांना सांगितलं, अन् यांनी मिस्त्रीला म्हणलं, हितून वळव. कामून ते न्हाई सांगितलं. मिस्त्रीनं बी न्हाई इचारलं."

अण्णांनी टिकाव खाली टेकवला. मावशीनं पोरीला उताणी केली, कपाळाला हात लावला, पाणी ओतलं. ते पाणी तिच्या पायांवरून मातीत मुरत गेलं.

"अन् आता एकटा बी न्हाई तो. हिची तुमी कुठं पुरली असंल म्हणता? तुमच्या घरात समदी फरशी. मी त्याच्याच बाजूला ठेवली. सांगू न्हाई म्हणतात. पर तुमी टिकावच उचलला तर मी काय करू? घाण तुमची का माजी ते तुमी ठरवा. पर हे दोघंबी आता आपलेच हायत."

एवढं बोलून तिनं पोरीला टॉवेलात गुंडाळलं आणि आईच्या हातात दिलं. आई तिथंच मातीत बसली आणि मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. अण्णांना मी रडताना कधी बघितलं नव्हतं आणि तेव्हाही नाही बघितलं, कारण ते तोंड फिरवून बोळाकडं बघत उभे होते. मग म्हणाले, "मावशी, कुठवर खोदू ते तुमीच दाखवा." मावशीनं बोटानं मातीत एक रेघ ओढली. अण्णांनी टिकाव बाजूला ठेवला, घरातून खुरपं आणलं आणि त्या रेघेच्या अलीकडं बसून, लसूण लावायला वाफा करावा तसं, थोडं थोडं उकरायला सुरुवात केली.

कोपऱ्यावरचं एक खापर काढलं तर आत पिवळट, लोण्यासारखा घट्ट गोळा बसलेला. तेल, हरभऱ्याचं पीठ, कडुनिंबाची पानं आणि ताईचे लांब केस. मावशी वाकून बघते तर काय. "अगं माय, हे तर माजंच पीठ!" आणि तिला हसू आवरेना. मग आईला हसू आलं, आणि माजघरातून ताई विचारते आहे, काय झालं, काय झालं, पण सांगायला कोणी थाऱ्यावर नाही. अण्णांनी तो गोळा घमेल्यात काढला, स्वतःच्या हातानं काढला, आणि सडकेकडं नेताना गल्लीतल्या कोणी तरी विचारलं की कंडक्टर, हे काय तुमी? तर म्हणाले, माझ्या नातीच्या आंघोळीचं पीठ आहे. मोरीतून पाणी गरगरत गेलं तो आवाज मला अजून आठवतो. त्या दिवशी ताईनं हंडाभर पाण्यानं आंघोळ केली.

पाइप सरळ झाला नाही. वळण तसंच ठेवून अण्णांनी तिथं विटांचं चेंबर बांधलं, वर कडी लावलेली फरशी. ठराविक सुट्टीला ते ती फरशी उचलून कामटी फिरवत, आणि मावशी ओट्यावरून सूचना देई. आईला त्यांनी एवढंच सांगितलं, "आपला टप्पा सडकेच्या नालीपर्यंत. मधलं समदं आपलं." आणि चिमटा टकटक वाजवला. मला वाटतं अण्णांनी आयुष्यात आपणहून वाढवलेला तो एकच टप्पा. बारसं थाटात झालं. सासरच्यांना पत्ताही लागला नाही की आपल्या नातीमुळं गल्लीत काय काय झालं ते.

आता त्या मोठ्यांतलं कोणी नाही. आई नाही, अण्णा नाहीत, मावशी तर कधीचीच गेली. तिच्या जागेवर पुतण्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, अंगणावर सिमेंट. चेंबरची फरशी तेवढी मी उघडी ठेवायला लावली. नोकरीतून सुटल्यावर मी याच घरात येऊन राहिले आणि ती कडी आता मी उचलते, माझ्या गुडघ्यांना बरं वाटेल त्या दिवशी. मागच्या महिन्यात गल्लीत भुयारी गटार आली. जोडणीच्या कामावरचा तरुण इंजिनियर आला, नम्र होता, काकू काकू करत होता. सडकेवरच्या चेंबरपर्यंतचं काम घरमालकाचं, तिथून पुढचं आमचं, असं त्यानं मला समजावलं. मी म्हटलं, ते मला फार पूर्वीपासून माहीत आहे.

त्यानं जुनी लाइन बघितली आणि डोकं खाजवलं. "काकू, हे वळण कशाला? पाइप नवा टाकायलोत तर सरळच टाकू. वळणावर तुंबतं."

"तुंबू दे," मी म्हटलं. "वळण राहील. तुंबलं तर मी काढीन."

"पण कारण काय?"

मी त्याला चहा दिला.

ताईची लेक आता स्वतः आजी झाली आहे, पुण्याला असते. सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात कोणी वारेचं काही विचारत नाही म्हणून तिला कसंसंच झालं. मग तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "मावशी, माझी कुठं पुरली गं? एकदा येऊन बघावं म्हणते." मी म्हटलं, घरी ये, चहा पी, अंगणातल्या चेंबरवर उभी राहा. आलीस की तुझं तुला कळेल. नेमकी कुठं, वळणाच्या अलीकडं की पलीकडं, ते मी तिला सांगितलं नाही आणि इथंही लिहिलेलं नाही. सांगायचं नसतं.